उणे दोन

दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या सुमाराला गोल बाजाराजवळच्या पुस्तकांच्या दुकानात दहावीच्या गणिताची नवी कुंजी आली, की पहिली प्रत मी घ्यायचे. कुंजी म्हणजे गाईड, सोडवलेल्या उदाहरणांचं. दुकानदार मला ओळखत होता. "मैडम, आप तो खुद पढ़ाती हैं, आपको इसकी क्या ज़रूरत?" असं तो दरवर्षी विचारायचा, आणि मी दरवर्षी नुसती पिशवी पुढे करायचे. मला कुंजीतली बरोबर उत्तरं नको असायची. मला चुकलेली हवी असायची.

कुंजी छापणारे घाईत असतात. कुठे वजाबाकीचं चिन्ह गळतं, कुठे सातचा एक होतो. या चुका मी एका वहीत उतरून ठेवायचे आणि त्यातली दोन-तीन उदाहरणं प्री-बोर्डच्या पेपरात घालायचे. बोर्डाच्या आधी शाळा स्वतःची परीक्षा घेते, ती प्री-बोर्ड. ज्या मुलाच्या उत्तरपत्रिकेत कुंजीची चूक जशीच्या तशी यायची, तो सापडला. पाठ करणारे बरोबर उत्तरावर सापडत नाहीत, चुकीच्या उत्तरावर सापडतात. ही युक्ती माझी मीच शोधली होती आणि मला तिचा अभिमान होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

संशय आमच्या घरात वारशाने आला. वडील रेल्वेत तिकीट तपासायचे, गोंदियापासून इकडे बिलासपूरपर्यंत. न विचारता जो तिकीट पुढे करतो त्याचं तिकीट दोनदा पाहावं, असं ते जेवताना सांगायचे आणि आम्हा भावंडांच्या प्रगतिपुस्तकांनाही तोच नियम लावायचे. लग्न होऊन मी रायपूरला आले, ब्राह्मणपाऱ्याजवळच्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत गणिताची शिक्षिका झाले, आणि बापाचा धंदा फळ्यापुढे उभी राहून चालवू लागले. एका वर्गात बावन्न-त्रेपन्न मुलं. त्यातल्या कोणाकडे तिकीट नाही, एवढंच मी बघायचे.

मग राज्य वेगळं झालं आणि आमचं गाव राजधानी झालं. एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय भरलं, माझा नवराही तिथल्याच एका कार्यालयात गेला. भोपाळहून बदलून आलेल्या साहेबांची मुलं शाळाशाळांतून दिसू लागली. राज्य नवं, पुस्तकं नवी, आणि बोर्डाचा पेपरही आता 'कारण लिहा' असं म्हणू लागला. दहा वर्षं तेच पाच प्रकारचे प्रश्न घोटून घेणाऱ्या आम्हा शिक्षकांना हे आवडलं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

आमचे प्राचार्य मूळचे संस्कृतचे. त्यांनी बैठक बोलावली आणि सांगितलं, "अब ये राजधानी का स्कूल है. स्तर ऊपर जाना चाहिए." स्तर वर नेण्याचा त्यांचा उपाय सोपा होता. अकरावीत गणित घेणाऱ्यांची गर्दी कमी करायची. आजवर ज्याला हवं तो गणित घ्यायचा आणि बारावीत आपटायचा. आता प्री-बोर्ड झाल्यावर दहावीतल्या तीस मुलांची यादी करायची, त्यांनाच पुढे गणित. आणि त्या यादीवर सही गणिताच्या मॅडमची, म्हणजे माझी.

ही जबाबदारी मिळाल्यावर मला आनंद झाला नाही. सहीची मागणी आली की आधी विचारावं, उद्या यात कोण अडकणार. घरी नवरा म्हणाला, "आता तुह्या हातात पोट्ट्यांचं पुढचं हाय. सांभाळून कर." ऑफिसात फायली वाचून वाचून तो माझ्यापेक्षाही सावध झाला होता.

त्याच हिवाळ्यात वरून एक प्रशिक्षक आला. पोरसवदा माणूस, खादीचा कुर्ता, खांद्याला झोळी. आठवड्यातून दोन दिवस आमच्या शाळेत. मी शिकवत असताना तो शेवटच्या बाकावर बसून काहीतरी लिहायचा. त्या दिवसांत कंत्राटी शिक्षक भरायची हवा होती, जुन्यांना कमी करणार अशी कुजबुज होती. मागच्या बाकावर बसून लिहिणाऱ्या माणसाबद्दल मला काय वाटत असेल, ते सांगायला नको. मी त्याला चहा विचारायचे आणि तो दोन घोट घेईपर्यंत त्याच्या वहीत डोकावायचे. अक्षर किडेमकोडे. काही लागायचं नाही.

त्याचं सांगणं मात्र साधं होतं. मुलांना उत्तर काढू द्या, पण उत्तर आलं की ते परत मूळ समीकरणात घालून बघायला लावा. बसलं तर ठीक, नाही तर का नाही ते विचारा. बस, दोन मिनिटं. आम्ही लहानपणी याला ताळा करणं म्हणायचो, बेरीज-वजाबाकीचा ताळा. दहावीत कोण ताळा करतं? मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, बावन्न मुलांची दोन-दोन मिनिटं जोडून बघ आधी, मग ये शिकवायला. मी एकदाही कोणाला ताळा करायला लावला नाही.

डिसेंबरच्या शेवटी प्री-बोर्ड झाली. पेपर माझाच. त्यात माझ्या वहीतलं सगळ्यात लाडकं उदाहरण होतं. गेली चौदा वर्षं मी ते घालत आले होते. एका संख्येत सहा मिळवले आणि त्या बेरजेचं वर्गमूळ काढलं, तर तीच संख्या येते. ती संख्या कोणती? दोन्ही बाजूंचा वर्ग केला की वर्गसमीकरण बनतं, ते सोडवलं की दोन उत्तरं येतात, तीन आणि उणे दोन. कुंजीत फक्त तीन दिलेलं असायचं. छापणाऱ्याने दुसरं उत्तर खाल्लं, अशी माझी खात्री होती. वर्गसमीकरणाला दोन मुळं असतात, हे मी वर्षभर छडी आपटून सांगायचे. तेव्हा ज्याने नुसतं तीन लिहिलं, तो कुंजीवाला. दरवर्षी चार-पाच तरी सापडायचे.

त्या वर्षी पाच सापडले. चौघांना बोलावल्यावर त्यांनी मान खाली घातली, दोघांनी तर कुंजीतलं पानही सांगितलं. पाचवी एक मुलगी होती.

शहराबाहेरून, सिलतऱ्याकडून यायची ती. तिचा बाप तिथल्या एका कारखान्यात होता, लोखंड बनवायच्या भट्टीवर. गावातल्या शाळेत गणिताला शिक्षक नव्हता म्हणून पोरगी रोज बसने आमच्याकडे यायची. निळ्या गणवेशाच्या कॉलरवर तिकडच्या भट्ट्यांची काळी बारीक धूळ कायम असायची, धुतली तरी. बोलायची कमी. गणितात बरी होती, पण फळ्यावर बोलावलं की मी सांगितलेल्या पायऱ्या सोडून मधूनच उडी मारायची. मला उडी मारणाऱ्या मुलांचा भरवसा वाटत नसे. उडी मारणाऱ्याला पलीकडे काय आहे हे कोणीतरी आधीच सांगितलेलं असतं, असा माझा अनुभव.

मी तिची उत्तरपत्रिका सगळ्या वर्गासमोर हातात धरली.

"तीन कहाँ से आया?"

"हल करके, मैडम."

"और दूसरा मूल? वो कहाँ गया?"

ती थोडी थांबली. मग घाबरल्यामुळे तिच्या तोंडून घरची छत्तीसगढी निघाली. "ओ नइ बइठिस, मैडम." तो बसला नाही, असं ती म्हणत होती.

"नहीं बैठा? क्यों, कुर्सी नहीं मिली उसको?" मी म्हटलं. वर्ग खदखदून हसला. तिचं तोंड उतरलं. तिला अजून काहीतरी सांगायचं होतं, हे मला दिसलं होतं. मी विचारलं नाही. पकडलेला माणूस बोलायला लागला की मला तो आणखी खोटा वाटायचा.

मी त्या प्रश्नाला शून्य दिलं, उत्तरपत्रिकेवर लाल शाईने 'नकल', म्हणजे कॉपी, असं लिहिलं, आणि त्या पाचही मुलांची नावं तिसांच्या यादीतून कापली. बाकीचे गुण बघता ती मुलगी यादीत नवव्या नंबरावर होती. मग मी फळ्यावर ते उदाहरण पूर्ण सोडवून दाखवलं, एक्स बरोबर तीन आणि उणे दोन, दोन्हींखाली दोन-दोन रेघा मारल्या. सगळ्यांनी उतरून घेतलं. तिनेही घेतलं. उतरून घेताना ती फळ्याकडे ज्या तऱ्हेने बघत होती, ते मला उद्धटपणाचं वाटलं.

चौथ्या दिवशी तिचा बाप आला. पाळी संपवून तसाच आला होता. स्टाफरूमच्या दारात चप्पल काढून उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. त्याला यादीचं कळलं होतं. पोरीला पुढे इंजिनीअर व्हायचंय, कारखान्यात एक बाई इंजिनीअर तिने पाहिली तेव्हापासून तिने ते डोक्यात घेतलंय, हे त्याने दोन-तीन वाक्यांत सांगितलं. मग म्हणाला, "हमर नोनी नकल नइ करय, मैडम. घर मं कुंजी हइ नइ हे." आमची पोर कॉपी करत नाही, घरात कुंजीच नाही.

कोणता बाप म्हणेल की करते? कुंजी घरात नसली तर मैत्रिणीची असेल. मी त्याला शाळेचा नियम सांगितला. तो ऐकत राहिला. जाताना त्याने हात जोडले, आणि हे हात जोडणं खरं की लाज आणण्यासाठी, याचा विचार मी तास संपेपर्यंत करत होते.

इकडे प्रशिक्षकाने एक नवा कागद काढला. प्रत्येक गणित शिक्षकाने एका विद्यार्थ्याची एक चूक निवडायची आणि फॉर्मवर लिहायचं, मुलाने काय केलं, का केलं असेल, आपण काय विचारलं. शनिवारच्या बैठकीत सगळ्यांनी ते वाचून दाखवायचं. मला हा सरळ सापळा दिसला. शिक्षकाच्या हातूनच त्याच्या वर्गातल्या चुका लिहून घ्यायच्या, त्यावर त्याची सही घ्यायची. नवऱ्याला दाखवला तर तो म्हणाला, "असा कागद वरती गेला का परत येत नाही. तू काहून सही करून राहिली?" पण न देणंही शहाणपणाचं नव्हतं. मग मला सुचलं, आपण याच सापळ्यात त्यांना अडकवू. त्या मुलीची उत्तरपत्रिका न्यायची. वरून मोठमोठ्या गोष्टी येतात, पण मुलं कुंजी पाठ करतात आणि ती कशी पकडायची ते या बाईला माहीत आहे, हे सगळ्यांसमोर दाखवायचं. नाकाने कांदे सोलायची अशी संधी पुन्हा आली नसती.

शुक्रवारी संध्याकाळी वरण शिजायला लावून मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर फॉर्म भरायला बसले. वरचे रकाने भरभर झाले. शेवटचा रकाना होता, उत्तर समीकरणात परत घालून पाहिले का, काय आले. हा रकाना मी सोडणार होते. पण रिकामा रकाना ठेवला की कोणीतरी बोट ठेवणार, हे माझ्या स्वभावाला सहन होईना. म्हटलं, दोन ओळी लिहून टाकू.

तीन घातले. तीन आणि सहा नऊ, नऊचं वर्गमूळ तीन. बसलं. उणे दोन घातले. उणे दोन आणि सहा, चार. चारचं वर्गमूळ दोन. उजवीकडे उणे दोन. डावीकडे दोन.

मी परत केलं. परत तेच.

आधी मला वाटलं, उदाहरण चुकीचं उतरवलंय. तसं नव्हतं. मग म्हटलं, चारचं वर्गमूळ उणे दोनही असतंच की, त्याचा वर्गही चारच. क्षणभर सुटल्यासारखं झालं. पण वर्गमूळाचं ते चिन्ह काढलं की फक्त धन उत्तर घ्यायचं, हे नववीच्या वर्गात मी स्वतः शिकवायचे. उणे लिहिणाऱ्याचा अर्धा गुण मी स्वतः कापायचे. कॉलेजात आम्हाला हे स्पष्ट शिकवलं होतं, वर्ग करताना कधीकधी एक खोटं उत्तर आत शिरतं, ते शोधून बाहेर काढायचं. मी तिथे लक्ष देऊन ऐकलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. मग चौदा वर्षं दोन मुळं, दोन मुळं करत मी ते कुठे हरवून बसले, मला सांगता येणार नाही. त्या कुंजीतलं उत्तर छापणाऱ्याने खाल्लेलं नव्हतं. ते बरोबर होतं.

मग मी मुलीची उत्तरपत्रिका पुन्हा उघडली. माझा एक नियम होता, कच्चं काम उजवीकडच्या समासात करायचं आणि शेवटी त्यावर एक आडवी रेघ मारायची. रेघ मारलेलं मी वाचत नसे, वाचायचं नसतंच. तिने नियम पाळला होता. रेघेखाली पेन्सिलीने लिहिलेलं सगळं स्वच्छ वाचता येत होतं. उणे दोन अधिक सहा, चार. वर्गमूळ दोन. दोन बरोबर उणे दोन नाही. आणि पुढे छोटीशी फुलीची खूण.

कुकरची तिसरी शिटी झाली तरी मी उठले नाही. मला लाज वाटली, असं लिहिणं सोपं आहे. त्याआधी मला भीती वाटली. चौदा वर्षं, दरवर्षी चार-पाच. त्यांतल्या कितींनी कुंजी पाठ केली होती आणि कितींनी घालून पाहिलं होतं? त्यांच्यापैकी कोणाला मी विचारलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, आणि वर आपण चोर पकडतो म्हणून मिरवायचं. माझ्या अख्ख्या नोकरीत मी एकाच माणसाच्या तिकिटाकडे पाहिलं नव्हतं, आणि तो माणूस फळ्यापुढे उभा होता.

यानंतर मी जे केलं तेही लिहायला हवं. शनिवारी मी दुसऱ्याच एका मुलाची उत्तरपत्रिका नेली, वजाबाकीची साधी चूक. प्रशिक्षकाने ती ऐकली, छान म्हणाला, पुढे गेला. तो माझ्याबद्दल काही लिहितो का म्हणून मी बघत राहिले. त्याने काही लिहिलं नाही. त्या माणसाला मी महिनाभर हेर समजत होते, आणि त्या दिवशी त्याला खरंच काही शोधता आलं असतं तर ते मीच लपवून बसले होते.

यादी सोमवारी जाणार होती. सोमवारी सकाळी मी प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, त्या मुलीला एक संधी आणखी द्यावी, मला वाटतं तिची तयारी आहे. एवढंच म्हटलं. माझी चूक झाली, हे म्हटलं नाही. कसं म्हणणार होते? स्तर वर न्यायच्या वर्षी गणिताच्या मॅडमनाच गणित येत नाही, ही बातमी राजधानीत फिरायला किती वेळ लागतो?

प्राचार्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "चौदह साल में आपने किसी की सिफ़ारिश नहीं की. किसी का दबाव है क्या? बाप आया था न उसका?"

"नहीं सर."

"कुछ दिया-विया तो नहीं उसने?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यभर दुसऱ्यांवर जे फेकलं ते पहिल्यांदा माझ्या अंगावर येऊन पडलं होतं, आणि मला ओरडायचा हक्क नव्हता. मी म्हटलं, "आप खुद परीक्षा ले लीजिए." त्यांना ते पटलं. मुलगी इथे बसून, त्यांच्यासमोर, त्यांनी निवडलेलं एक उदाहरण सोडवील. बरोबर आलं तर नाव यादीत. त्यांच्याकडे वरून आलेलं नवं प्रश्नांचं पुस्तक होतं, मागे उत्तरं छापलेली. संस्कृतच्या माणसाला तेवढं पुरे होतं, उत्तर जुळवायचं.

मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. ती टेबलाच्या कोपऱ्याशी बसली, मी खिडकीपाशी उभी. प्राचार्यांनी पुस्तक उघडलं, पण मी तिला सोपं काही देऊ नये म्हणून मला बघू दिलं नाही. माझ्या पेपरात ती जिथे पकडली गेली तसलंच घेतो, म्हणाले. संख्येत बारा मिळवायचे, वर्गमूळ काढायचं, तीच संख्या यायला हवी.

तिने भराभर वर्ग केला, समीकरण मांडलं, अवयव पाडले. माझ्या सगळ्या पायऱ्या, एकही उडी नाही. दोन उत्तरं आली, चार आणि उणे तीन. मग तिचं पेन उजवीकडच्या समासात गेलं. उणे तीन अधिक बारा, नऊ. वर्गमूळ तीन. तिने तिथे आडवी रेघ मारली आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. काय विचार करत होती, ते मला तेव्हा कळलं नाही. कळलं असतं तर मी बोलले असते, असं मला वाटायचं. आता तेवढी खात्री नाही. तिने खाली पाहिलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, एक्स बरोबर चार आणि उणे तीन. दोन्हींखाली दोन-दोन रेघा.

प्राचार्यांनी मागचं पान उघडलं, बोट फिरवलं, कागद पाहिला, पुन्हा पान पाहिलं. "इसमें तो सिर्फ़ चार है. इसका गलत है, मैडम." त्यांनी पेनला टोपण लावलं. ते मुळी नाराज नव्हते, सुटल्यासारखे दिसले. "मैंने कहा ही था. जाओ बेटा."

मुलगी उठली नाही. ती टेबलावरच्या त्या कागदाकडे बघत होती. मला अजून एक वाक्य गिळता आलं असतं. यादी त्या दुपारी गेली असती, आणि कोणालाही कधीही काही कळलं नसतं. दारातून बाहेर गेले असते तर मला कोणी विचारलंही नसतं.

"सर, ये मैंने सिखाया है," मी म्हटलं. "गलत मैंने सिखाया है. इसने प्री-बोर्ड में सही लिखा था. मैंने शून्य दिया."

त्यांना समजेना. मी तोच कागद ओढून घेतला आणि उणे तीन घालून दाखवलं. समासातली तिची रेघ मारलेली ओळ दाखवली. त्यांनी दोनदा करून पाहिलं, ओठ हलवत. "कितने साल से?" असं त्यांनी शेवटी विचारलं, आणि मी चौदा म्हटलं. ते उठले, दार लावलं, परत येऊन बसले. "ये बात इस कमरे से बाहर नहीं जाएगी," म्हणाले. त्यांची भीती मला ओळखीची वाटली. पण त्यांनी यादी पुढे ओढली, खाली तिचं नाव लिहिलं आणि मला सही करायला दिली. मी केली, पण अक्षरं वेडीवाकडी आली. तिथली माझी सही आजही बघितली तर कोणाला खोटी वाटेल.

बात खोलीबाहेर गेली, मीच नेली. पुढच्या आठवड्यात मी ते उदाहरण वर्गात फळ्यावर घेतलं आणि सांगितलं की माझं चुकत होतं. मुलं एकमेकांकडे बघू लागली, यात काय डाव आहे म्हणून. उरलेल्या चौघांचा तो प्रश्नही मी पुन्हा सोडवून घेतला. प्रशिक्षकालाही सांगितलं. तो म्हणाला, हे फॉर्मवर लिहायचं होतं न, मैडम. नंतर मी रोज ताळा करायला लावू लागले; बावन्न मुलांची दोन-दोन मिनिटं कशी पुरायची ती पुरली.

पण ते सगळं नंतरचं. त्या सोमवारी खोलीतून निघाल्यावर आम्ही दोघी व्हरांड्यात आलो. शाळा सुटायला अजून दोन तास होते, पण प्राचार्यांनी तिला घरी जायची परवानगी दिली होती, बापाला सांगायला. तिने वही दप्तरात घातली. मला काहीतरी म्हणायचं होतं, माफ कर म्हणायचं होतं, आणि तोंडातून निघाला तो प्रश्नच, सवयीने.

"समास में तो तूने घालके देखा था. तुझे मालूम था न, कि उणे तीन नहीं बैठता?" घाईत मी तिच्याशी अर्धं मराठीच बोलत होते.

"हव."

"फिर लिखा क्यों?"

ती माझ्याकडे थोडी नवलाने बघत राहिली, एवढं सोपं या बाईला कसं कळत नाही म्हणून.

"मैथ्स लेना था न, मैडम," ती म्हणाली, आणि बस चुकू नये म्हणून जिना उतरून गेली.